तिचाकीचा तयार सांगाडा

एखादी वस्तु विकत घेणें निराळें आणि ती स्वतःच्या हातानें घडविणें निराळें. विकत घेतलेल्या वस्तूवर मनुष्याचा हक्क असतो. घडविलेल्या वस्तूवर त्याचा जीव असतो. या जिवाच्या ओढीनेंच इंग्लंड, जर्मनी, अमेरिका अशा देशांतून कित्येक गृहस्थ दिवसाचें काम आटोपल्यावर घरामागच्या खोपटांत दिवा लावतात आणि मोटारीचीं इंजिनें, फटफटीचे चिमटे व लोखंडी नळ्या यांच्या संगतींत रात्रीं उशिरापर्यंत रमतात. त्यांच्या मनांतील वाहनाला तिकडे 'ट्राइक' म्हणतात. पुढें फटफटीचें एक चाक व तिचेंच हँडल, मागें मोटारीचीं दोन रुंद चाकें, आणि मध्यें उघडी बैठक, असें त्याचें रूप असतें. ज्यानें आपल्याकडची रिक्षा पाहिली आहे, त्याला तीन चाकांची ही मांडणी नव्यानें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

या उद्योगांत पहिला मोठा खर्च आणि पहिला मोठा निर्णय हे दोन्ही एकाच वेळीं पुढें उभे राहतात. सांगाडा स्वतः जोडावा, कीं तयार विकत आणावा? वरवर पाहतां हा पैशाचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो प्राणाचा प्रश्न आहे. इंजिन बंद पडलें तर मनुष्य रस्त्याच्या कडेला उभा राहतो. सांगाडा तुटला तर तो पुन्हां उभा राहीलच असें नाहीं. शिवाय मागच्या बैठकीवर बहुधा त्याची पत्नी किंवा मूल बसलेलें असतें.

तीन चाकांची मोटार ही कांहीं अलीकडची टूम नव्हे. कार्ल बेंझ यानें २९ जानेवारी १८८६ रोजीं ज्या वाहनाच्या पेटंटासाठीं अर्ज केला, तें वाहन तिचाकीच होतें. पुढचीं दोन चाकें नीट वळविण्याची समाधानकारक युक्ति त्या वेळीं त्याच्यापाशीं नव्हती; म्हणून त्यानें पुढें एकच चाक ठेवलें. त्याचा सांगाडा पोलादी नळ्यांचा होता. पुढें १९०९ सालीं इंग्लंडांतील मॉल्व्हर्न लिंक येथें एच. एफ. एस. मॉर्गन या तरुणानें प्यूजो कंपनीचें इंजिन घेऊन आपली पहिली तिचाकी बांधली. तिच्यांत दोन चाकें पुढें आणि एक मागें होतें. या कामीं त्याला स्टीफन्सन-पीच नांवाच्या, विद्यार्थ्यांना यंत्रविद्या शिकविणाऱ्या एका शिक्षकाचें साहाय्य लाभलें. लंडनच्या ऑलिम्पिया प्रदर्शनांत १९१० सालीं ती गाडी मांडण्यांत आली आणि एका हौशीचा पुढें कारखाना झाला. कल्पना एकाची असली तरी सांध्यांवर दुसऱ्या जाणत्या माणसाची नजर असावी लागते, हा त्या कथेंतील बोध आजहि जुना झालेला नाहीं.

घरगुती तिचाकीला खरा बहर आला तो मात्र जर्मनीच्या फोक्सवागेन 'बीटल' गाडीमुळें. या गाडीचें इंजिन मागें होतें, वाऱ्यानें थंड होणारें होतें आणि गिअरबॉक्ससकट एकाच गठ्ठ्यांत मागच्या चाकांशीं जोडलेलें होतें. गंजलेल्या गाडीचा मागचा भाग तेवढा काढून घ्यावा, त्याला पुढून एक सांगाडा जोडावा आणि त्या सांगाड्याला फटफटीचा चिमटा लावावा, कीं वाहनाचें रूप तयार झालें! अमेरिकेंत १९६० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील एड रॉथ यासारख्या कारागिरांनीं अशा गाड्या प्रदर्शनांतून गाजविल्या. इंग्लंडांत त्याच्या जोडीला टॅमवर्थ येथील रिलायंट कंपनीच्या तिचाकी मोटारींचा उपयोग होऊं लागला. १९७३ सालीं निघालेल्या 'रॉबिन' या तिच्या गाडीचें इंजिन अॅल्युमिनियमचें आणि वजनानें हलकें होतें. त्या रॉबिनचें उत्पादन २००१ सालीं व शेवटच्या बीटलचें मेक्सिकोंत २००३ सालीं थांबलें. तथापि जुन्या गाड्यांचे अवयव हौशी लोकांच्या खोपटांतून अद्याप फिरत असतात.

आतां तयार सांगाडा कां घ्यावा, हें पाहूं. सांगाडा जोडावयाचा म्हणजे नळ्या कापून एकमेकींना डाग देणें एवढेंच काम नसतें. तापलेलें लोखंड निवतांना आक्रसतें आणि सांध्याला आपल्याकडे ओढतें. म्हणून कसबी कारागीर आधीं एक भक्कम साचा तयार करतो, त्यांत सर्व नळ्या जखडतो आणि मगच त्या सांधतो. चिमट्याचा दांडा ज्या नळींत फिरतो तिला सांगाड्याची मान म्हणतां येईल. ही मान साच्याशिवाय जोडतांना बाजूला केवळ एक अंश कलली आणि तिच्यापासून मागचा आंस २४०० मिलिमीटर दूर असला, तर तेथपर्यंत पोंचेपर्यंत चूक सुमारें ४२ मिलिमीटर होते. डोळ्याला मानेपाशीं जी चूक दिसतहि नाहीं, ती रस्त्यावर जन्मभर हँडल एका बाजूला ओढीत राहते. एका गाडीसाठीं साचा करणें परवडत नाहीं. दहा गाड्या करणाऱ्याला तें परवडतें. तयार सांगाड्याची किंमत म्हणजे मुख्यतः त्या साच्याची आणि त्या हाताची किंमत होय.

परंतु 'तयार' हा शब्द मोठा फसवा आहे. बाजारांतून आणलेलें जोडें सुद्धां प्रत्येक पायाला होत नाहीं. बीटलच्या मागच्या भागासाठीं केलेला सांगाडा रिलायंटच्या इंजिनाला चालत नाहीं. कारण पहिल्यांत इंजिन मागच्या आंसाच्याहि मागें असतें, तर दुसऱ्यांत तें पुढें बसतें आणि लांब दांड्यानें मागचीं चाकें फिरवितें. बीटलमध्येंहि जुन्या गाड्यांची मागील आंसाची रचना एक प्रकारची आणि नंतरच्या पुष्कळ गाड्यांची दुसऱ्या प्रकारची असते. तसेंच प्रत्येक फटफटीच्या चिमट्याचा दांडा आणि त्याचे बेअरिंग सारख्या मापाचें नसतें. म्हणून कोणतें इंजिन, कोणता आंस आणि कोणता चिमटा, हें ठरल्यावांचून सांगाड्याला हात लावूं नये. कित्येक उत्साही मंडळी प्रथम चकचकीत टाकी आणि रुंद टायर घेऊन ठेवतात व मग त्यांना शोभेल असा सांगाडा शोधीत फिरतात. आधीं कळस मग पाया, अशी ही तऱ्हा!

यानंतरचा विचार मानेच्या कलाचा. मानेच्या नळींतून एक सरळ रेषा खालीं जमिनीपर्यंत वाढविली अशी कल्पना करावी. ती रेषा जमिनीला जेथें मिळते, त्याच्या थोडें मागें चाक जमिनीला टेकतें. या दोन बिंदूंमधील अंतराला कारागीर 'ट्रेल' म्हणतात. इस्पितळांतील ढकलगाडीच्या खालीं जीं फिरतीं चाकें असतात, तीं गाडी ढकलतांच आपण होऊन सरळ होतात, तीं याच गुणामुळें. हें अंतर अगदींच नसेल तर गाडी वेगांत भरकटते. फार असेल तर हँडल वळवितांना खांदे दुखूं लागतात.

एक हिशेब पाहण्यासारखा आहे. पुढच्या चाकाची त्रिज्या ३०० मिलिमीटर आहे आणि चाकाचा आंस मानेच्या रेषेच्या ५० मिलिमीटर पुढें आहे असें धरूं. मान उभ्या रेषेपासून ३० अंश कललेली असेल तर ट्रेल सुमारें ११५ मिलिमीटर येतो. तोच कल ४५ अंश केला तर ट्रेल २२९ मिलिमीटर होतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट. चित्रांत लांबच लांब पसरलेला चिमटा फार ऐटबाज दिसतो. परंतु त्या ऐटीचें भाडें प्रत्येक वळणावर मनगटांना भरावें लागतें. दुचाकी वळतांना झुकते आणि झुकण्यानेंच अर्धें काम होतें. तिचाकी झुकत नाहीं. तिला हातांच्या बळानें वळवावें लागतें. म्हणून जाणते कारागीर चिमटा धरणाऱ्या जोडपट्ट्यांचा कोन बदलून ट्रेल मुद्दाम कमी करतात. विक्रेत्याला मानेचा कल किती आणि ट्रेल किती हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. ज्याला त्यांचें उत्तर आंकड्यांत देतां येत नाहीं, त्यानें सांगाडा मोजून केलेला नसून नजरेनें केला आहे, असें समजावें.

न झुकण्याचा दुसराहि एक परिणाम आहे. दुचाकीच्या चिमट्यावर आणि आऱ्यांच्या चाकावर आडवा भार फारसा येत नाहीं. तिचाकी वळतांना मात्र हा आडवा भार चिमट्याला पिळतो आणि तो सारा मानेच्या सांध्यावर येऊन पडतो. म्हणून मानेपाशीं नळ्यांच्या बेचक्यांत त्रिकोणी आधारपट्ट्या आहेत कीं नाहींत, हें पहिल्यानें पाहावें.

तिसरा प्रश्न तोलाचा. तिचाकी जमिनीवर जेथें टेकते ते तीन बिंदु खडूच्या रेघांनीं जोडले तर एक त्रिकोण होतो. मागें रुंद, पुढें निमुळता. वाहनाचें आणि स्वारांचें वजन जणूं एका बिंदूंत एकवटलेलें असतें. तो बिंदु या त्रिकोणाच्या रुंद भागावर असेल तर गाडी वळणावर सहज कलंडत नाहीं. निमुळत्या भागाकडे सरकला तर कलंडण्याची भीति वाढते. समजा, मागील चाकांत १४०० मिलिमीटर अंतर आहे आणि पुढच्या चाकापासून मागचा आंस २४०० मिलिमीटर आहे. वजनाचा बिंदु मागच्या आंसाच्या ६०० मिलिमीटर पुढें असेल, तर त्याच्या प्रत्येक बाजूला त्रिकोणाची रुंदी ५२५ मिलिमीटर राहते. तोच बिंदु १२०० मिलिमीटर पुढें गेला तर ती ३५० वर येते. वजन जितकें उंच, तितकी ही रुंदी अधिक हवी.

मग सगळें वजन मागेंच कां ठेवूं नये? त्याचें उत्तर आपल्या बैलगाडीवाल्याला पुस्तक न वाचतां ठाऊक असतें. मागें माल जास्त झाला कीं गाडी उलाळ होते आणि जूं वर उचललें जातें. वरील उदाहरणांत पहिल्या स्थितींत पुढच्या चाकावर एकंदर वजनाचा चौथा हिस्सा असतो. इंजिन मागच्या आंसाच्या पाठीमागें, त्यांत दोन धिप्पाड स्वार मागें रेलून बसलेले, आणि समोर चढ, असें झालें कीं पुढचें चाक जमिनीला नांवापुरतेंच टेकतें. ओल्या रस्त्यावर हँडल वळलें तरी गाडी वळत नाहीं. उलट, वळणावर करकचून ब्रेक दाबला कीं भार पुढें, म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या बाजूकडे ढकलला जातो, आणि गाडी कलंडूं पाहते. म्हणून वेग वळणाच्या आधींच कमी करावा, हा तिचाकीचा पहिला नियम आहे. सांगाडा विकत घेतांना बैठक कोठें येते, ती किती उंच आहे आणि पेट्रोलची टाकी व बॅटरी यांना जागा कोठें ठेवली आहे, याचा विचार या दृष्टीनें करावा. चांगला सांगाडा वजन खालीं ठेवतो.

आतां प्रत्यक्ष परीक्षा. सांगाडा शक्य तों रंग न देतां, उघडा पाहावा. रंग हा लोखंडाचा जसा मित्र आहे, तसाच तो लबाड सांधकामाचाहि मित्र आहे; त्याच्या जाड थराखालीं पुष्कळ पापें झांकलीं जातात. चांगला डाग दोन्ही नळ्यांच्या अंगांत शिरलेला असतो आणि त्याच्या लाटा सारख्या अंतरावर दिसतात. नळीवर नुसता बसलेला फुगीर डाग, कडेला खणल्यासारखी पडलेली चर, किंवा कानशीनें घांसून गुळगुळीत केलेला सांधा दिसला तर सावध व्हावें. बारीक तडा शोधण्याची एक जुनी, बिनखर्ची युक्ति आहे. सांध्यावर रॉकेल लावावें, थोड्या वेळानें तें स्वच्छ पुसून काढावें आणि वर खडूची पूड चोळावी. तडा असल्यास त्यांत दडलेलें रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटवितें. हल्लीं याच तत्त्वावर तांबड्या रंगाचें औषध मिळतें, तेंहि वापरावें.

नळीची जाडी बाहेरून कळत नाहीं, पण वजनावरून कळते. ३८ मिलिमीटर व्यासाची पोलादी नळी ३ मिलिमीटर जाड असेल तर एका मीटरचें वजन सुमारें २.६ किलोग्रॅम भरतें. २ मिलिमीटर जाड असेल तर सुमारें १.८ किलोग्रॅम. कारागिरापाशीं त्याच नळीचा उरलेला तुकडा मागून घ्यावा आणि वजन करून पाहावें. नळी बिनसांध्याची ओढलेली आहे, कीं पत्रा वळवून लांबीनें सांधलेली आहे, हेंहि त्या तुकड्यावरून समजतें. दोन्ही प्रकारच्या नळ्यांचे सांगाडे चालतात. परंतु किंमत एकीची आणि माल दुसरीचा, असें होऊं नये.

मापें घेण्यास मोठीं यंत्रें लागत नाहींत. गवंड्याचा ओळंबा, सुताराचा गुण्या, पाणसळ आणि न ताणणारें सूत एवढें सामान पुरतें. सांगाडा सपाट जमिनीवर समतोल ठेवावा. मानेच्या मध्यापासून मागच्या आंसाच्या दोन टोंकांपर्यंत सूत धरावें. दोन्ही अंतरें सारखीं भरलीं पाहिजेत. नंतर मानेंत सरळ सळई घालून ओळंबा सोडावा आणि समोरून पाहावें. सळई ओळंब्याशीं जुळली तर मान सरळ आहे. ही परीक्षा पैसे देण्यापूर्वीं आणि विक्रेत्याच्या समक्ष करावी. प्रामाणिक कारागिराला तिचा राग येत नाहीं. बहुधा तो स्वतःच सुताचें दुसरें टोंक धरतो.

कित्येकदां अर्धवट सोडलेल्या गाडीचा सांगाडा स्वस्तांत मिळतो. मूळ मालकाचा उत्साह मावळलेला असतो, किंवा त्याला दुसरें घर करावयाचें असतें. असा सांगाडा वाईटच असतो असें नाहीं. मात्र त्यानें काम कां सोडलें, हें हळूच विचारून घ्यावें. कधीं कधीं उत्तर पैशाचें नसतें. मान वांकडी आहे हें त्याला उशिरा कळलेलें असतें.

शेवटचा, पण सर्वांत रुक्ष भाग कागदपत्रांचा. ब्रिटनच्या नोंदणीखात्यानें बदललेल्या वाहनांसाठीं पुष्कळ वर्षें एक गुणपद्धति चालविली. तींत मूळ सांगाड्याला ५ गुण. झटके सोसणारी रचना, आंस, गतिवाहक यंत्रणा आणि वळविण्याची यंत्रणा यांना प्रत्येकीं २. आणि इंजिनाला अवघा १ गुण होता. जुनी नोंदणी टिकविण्यास निदान ८ गुण लागत. ज्या इंजिनाच्या आवाजावर हौशी माणूस भाळतो त्याला एक गुण आणि ज्याच्याकडे कोणी पाहत नाहीं त्या सांगाड्याला पांच, हा निवाडा मोठा मार्मिक आहे. वाहनाची ओळख त्याच्या सांगाड्यांत असते, हेंच त्याचें तात्पर्य. नव्या सांगाड्यावर बांधलेल्या तिचाकीसाठीं ग्रेट ब्रिटनमध्यें २००३ सालापासून एकेका वाहनाच्या मंजुरीची परीक्षा आहे. तींत ब्रेक, दिवे, आरसे, आवाज, धूर, बाहेर आलेल्या अणकुचीदार कडा, सारें तपासलें जातें. ज्या वाहनाचें वय किंवा मूळ ठरवितां येत नाहीं, त्याला 'क्यू' अक्षराचा क्रमांक मिळतो. म्हणून सांगाड्याबरोबर कारागिराचें नांव, तारीख, मापें आणि सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक यांसह पक्की पावती घ्यावी. तोंडी शब्द मैत्रींत चालतो. सरकारी टेबलावर चालत नाहीं. चालविण्याच्या परवान्याचेंहि तसेंच. १९ जानेवारी २०१३ पूर्वीं मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला तेथें तिचाकी चालवितां येते. त्यानंतरच्याला सामान्यतः फटफटीचा परवाना काढावा लागतो. गाडी तयार झाल्यावर हें कळण्यापेक्षां आधीं कळलेलें बरें.

आपल्या देशांतहि अशा जोडकामाची परंपरा आहे. सौराष्ट्रांत बुलेट फटफटीचा पुढचा भाग आणि मागें दोन चाकांचें हौद्यासारखें अंग, असा 'छकडो' कित्येक वर्षें माणसें आणि माल वाहत आला. दिल्लींतील 'फटफटी' नांवाच्या भाड्याच्या गाड्या महायुद्धांतून उरलेल्या मोटारसायकलींवरच बांधलेल्या होत्या. परंतु घरीं बनविलेल्या वाहनाला आतां येथें रस्ता सोपा नाहीं. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ नें कारखान्यानें ठरविलेल्या मूळ रचनेंत मनास येईल तसा बदल करण्यास मनाई केली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें तीच गोष्ट पक्की केली. दिव्यांग व्यक्तीच्या सोयीसाठीं परवानगीनें बदल करण्याची वाट मात्र खुली आहे, आणि स्कूटरला मागें दोन चाकें जोडून कामाला जाणारे कित्येक लोक आपण रोज पाहतों. त्यांच्यासाठींहि मानेचा, सांध्याचा आणि तोलाचा हा सारा विचार तितकाच उपयोगी आहे. किंबहुना अधिक; कारण इंग्लंडांतील हौशी मनुष्याची तिचाकी हा त्याचा रविवार असतो, यांची तिचाकी म्हणजे यांचे पाय असतात.

तेव्हां तयार सांगाडा घेणें हें आपल्या कसबाला कमीपणा आणणारें नाहीं. गाडीवर पुढें करण्यासारखें पुष्कळ काम शिल्लक राहतें: ब्रेकच्या नळ्या ओढणें, तारा जुळविणें, बैठक घडविणें, रंग देणें. त्या सर्वांत मनुष्यानें आपली हौस खुशाल फेडून घ्यावी. तेथील चूक दुरुस्त करण्यास दुसरा दिवस उजाडतो. मानेच्या सांध्याची चूक मात्र घाटाच्या उतारावर कळते. जें काम चुकलें असतां पुन्हां करण्याची संधि मिळत नाहीं, तें ज्याला येतें त्याच्याकडून करून घ्यावें. आणि तें त्यानें नीट केलें आहे कीं नाहीं, हें सूत व ओळंबा हातीं धरून स्वतः पाहावें.